तिरकुलीची पाठ कोण खाजवणार?

सकाळचे बरोब्बर सहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, दूधवाल्याची फटफटी गेली. टर्रर्रर्र! मागे दुधाचे कॅन वाजले. खडांग खडांग!

आणि तिरकुलीची पाठ खाजायला लागली.

तिरकुली म्हणजे एक खेकडी. एवढीश्शी. बाळाच्या मुठीत मावेल एवढी. आठ पाय, दोन नांग्या, काडीवर लावलेले दोन डोळे. सगळं होतं बाई तिच्याकडे. पण नांगी काही पाठीवर पोचायची नाही. इकडून घाल, पोचत नाही. तिकडून घाल, पोचत नाही. वरून घाल, तर डोळ्यातच जाते!

आणि पाठ तर रोज खाजायची. फटफटी गेली की लगेच.

पण तिरकुलीला एक मैत्रीण होती. चकचकी. करंगळीएवढी मासोळी. फटफटी गेली की चकचकी यायची. सुळ्ळकन! तिरकुलीच्या पाठीला तोंड लावायची. टुचुक टुचुक टुचुक. पाठीवरचं बारीकसारीक खायची. तिचा नाश्ता व्हायचा, हिची खाज जायची.

"आहाहा!" तिरकुली म्हणायची. आणि दोन्ही डोळे आत ओढून घ्यायची.

आता झालं काय, तिरकुलीला नवं कवच आलं. खेकडीचं तसंच असतं. जुनं काढायचं, नवं घालायचं. नवं कडक होईपर्यंत बिळात बसायचं. चार दिवस ती बिळात बसली. आज बाहेर आली. नवे कपडे घातले की कसं टोचतं? कॉलरपाशी खाजतं? तसं तिला सगळीकडे खाजत होतं.

तिने वाट पाहिली. चकचकी आली नाही.

दगडाखाली पाहिलं. चकचकी नाही. दगडामागे पाहिलं. चकचकी नाही. चकचकीची आई नाही. मावशी नाही. मावशीची सत्रा पोरं नाहीत. अख्खा तलाव रिकामा! पाणी एकटंच हलत होतं. डुबुक. डुबुक.

"अगं बाई!" तिरकुली म्हणाली. "आता माझी पाठ कोण खाजवणार?"

आणि ती निघाली चकचकीला शोधायला. तिरकं तिरकं, खुटुक खुटुक.

खेकडीचं चालणं तुम्हाला ठाऊकच आहे. तोंड एकीकडे, पाय भलतीकडे. पुढे जायचं म्हटलं की ती बाजूलाच जाते. तरी जाते हं. पोचतेसुद्धा.

तलावात एक नाला येऊन मिळत होता. त्यात घोटाभर पाणी. पाण्यात एक दगड. दगडामागे काहीतरी चमकलं.

"चकचके! तू इथे?"

"हळू बोल गं!" चकचकी म्हणाली. "तलावात पांढरं भूत आलंय. लांबच लांब. पाण्यात फुगतं. त्याने मावशीची सत्रा पोरं धरली. आम्ही उरलो ते इकडे पळालो."

"ते असू दे. चकचके चकचके, परत चल. माझी पाठ खाजव."

"नाही बाई, मी नाही येत. तलावात गवत उरलं नाही. मी लपू कुठे? माझ्या आईने अंडी घालायची कुठे? आधी गवताला उगव म्हणावं. मग मी येते."

झालं. तिरकुली निघाली. तिरकं तिरकं, खुटुक खुटुक.

तलावाच्या कोपऱ्यात पाणगवताच्या दोनच पाती होत्या. दोन्ही वाकलेल्या. चिखलात झोपलेल्या.

"गवता गवता, उगव."

"का गं?"

"चकचकी परतेना,
माझी पाठ कुणी खाजवेना!"

"छे छे," गवत म्हणालं. "मी नाही उगवत. जरा मान वर काढली की म्हैस येऊन लोळते. माझा पापड होतो पापड! आधी म्हशीला ऊठ म्हणावं. मग मी उगवतो."

तिरकुली निघाली. तिरकं तिरकं, खुटुक खुटुक.

म्हैस चिखलात बसली होती. नाक वर. शिंगं वर. बाकी सगळी खाली.

"म्हशीबाई म्हशीबाई, उठा."

"काहून?" म्हैस म्हणाली. नाकातून बुडबुडे आले. बुडुक बुडुक.

"गवत उगवेना,
चकचकी परतेना,
माझी पाठ कुणी खाजवेना!"

"एवढंच ना? थांब, मी खाजवते." म्हशीने एक पाय उचलला. खूर केवढा! तिरकुलीएवढ्या दहा तिरकुल्या झाकतील एवढा.

"नको नको नको!" तिरकुली सरकली. खुटुकखुटुकखुटुक!

"नको तर नको. पण मी नाही उठत. बाहेर आलं की माश्या बसतात. गोचिड चावतात. पाठ काय तुलाच असते? मला नाही? तो बगळा यायचा, पाठीवर बसायचा, टिपटिप किडे वेचायचा. कालपासून आलाच नाही. आधी बगळ्याला ये म्हणावं. मग मी उठते."

तिरकुली निघाली. तिरकं तिरकं, खुटुक खुटुक.

बगळा पाण्यात उभा होता. एका पायावर. डोळे मिटून.

"बगळेबुवा बगळेबुवा, या."

"शूऽऽऽ," बगळा म्हणाला. "माझं ध्यान चाललंय."

"अहो पण,

म्हैस उठेना,
गवत उगवेना,
चकचकी परतेना,
माझी पाठ कुणी खाजवेना!"

"ध्यान चाललंय म्हटलं ना?"

तिरकुलीने खाली पाहिलं. वर पाहिलं. परत खाली पाहिलं.

"बगळेबुवा, तुमचा दुसरा पाय कुठे आहे?"

बगळ्याने आधी इकडेतिकडे कान दिला. मग एक डोळा उघडला.

"अडकलाय," तो हळूच म्हणाला.

"कशात?"

"पांढऱ्या भुतात."

"मग ध्यान?"

"लोकं बघतात ना! लाज वाटते. मग डोळे मिटून घेतो." बगळ्याने मान खाली घातली. "मी नाही येत. येताच येत नाही. आधी त्या भुताला सुट म्हणावं. मग मी येतो."

भुताकडे जायचं! तिरकुली आधी बिळाकडेच वळली. पण पाठ खाजतच होती. पाठ काही भुताला भीत नाही.

तिरकुली निघाली. डोळे आत ओढून. तिरकं तिरकं... खुटुक... खुटुक.

पाण्यात पांढरं पांढरं फुगलं होतं. हलत होतं. फुस्स. फुस्स.

"भु... भु... भुता भुता, सुट."

"कोण भूत? भूत कुणाला म्हणतेस गं?"

"तुला."

"मी मच्छरदाणी आहे!"

तिरकुलीने एक डोळा बाहेर काढला. खरंच की! मच्छरदाणी. चार कोपरे, चार नाड्या. नाड्या गुलाबी.

"अगं, पण मच्छरदाणी तर घरात असते. अंथरुणावर."

"घरातच होते की! टिल्लूबाळाच्या अंथरुणावर. रूपलालने उचललं आणि आणून इथे बांधलं. पाण्यात! मला सर्दी झाली. आक्छी! माझी भोकं इतकी बारीक, त्यातून डास जात नाही. मग माशांची पिल्लं कशी जातील? सगळी येतात आणि अडकतात. काल तर बगळाच अडकला. मला का हे आवडतंय? आक्छी!"

"मग सुट ना गं!

बगळा येईना,
म्हैस उठेना,
गवत उगवेना,
चकचकी परतेना,
माझी पाठ कुणी खाजवेना!"

"मी नाही सुटत. सुटू कशी? चारी नाड्या खुंटांना बांधल्यात. आधी रूपलालला गाठ सोड म्हणावं. मग मी सुटते. आक्छी!"

तिरकुली निघाली. तिरकं तिरकं, खुटुक खुटुक.

रूपलाल मासे धरायचा. त्याचा बाप धरायचा, आजाही धरायचा. या वेळी तो पाळीवर बसला होता. समोर एक घागर. घागरीत डोकं.

माणसं खेकडीशी बोलतात का? एरवी नाही बोलत. गोष्टीत बोलतात.

"रूपलाल भाऊ, रूपलाल भाऊ, गाठ सोडा जी."

"काहून सोडू?"

"मच्छरदाणी सुटेना,
बगळा येईना,
म्हैस उठेना,
गवत उगवेना,
चकचकी परतेना,
माझी पाठ कुणी खाजवेना!"

रूपलाल हसला. "अवं, माझं मोठं जाळं फाटलं ना! एवढं भोक पडलं, की मीच जाईन त्यातून. म्हटलं, डोकं चालवू. घरची मच्छरदाणी लावू. एक मासा सुटायचा नाही! तर आलं कोण? हे बघ."

तिरकुलीने घागरीत डोकावलं. आत मावशीची सत्रा पोरं!

"तिरकुले! तिरकुले!" सगळी एकदम ओरडली. "इथं लई दाटी होते! हा मला ढकलतो! ही माझ्या शेपटीवर बसते!"

"इतके बारीक मासे," रूपलाल म्हणाला. "कढईत टाकले तर दिसणार नाहीत. म्हणून घागरीत ठेवले. कोंडा घालतो, पाणी बदलतो. मोठे झाले की बघू."

"घागरीत मोठे होतात?"

रूपलालने डोकं खाजवलं. "चार दिवस झाले," तो म्हणाला. "अजून तरी नाही झाले."

"मग गाठ सोडा की!"

"मी नाही सोडत. मग धरू कशाने? आधी वनमालाला मोठं जाळं विण म्हणावं. मग मी गाठ सोडतो."

"तुम्हीच विणा ना!"

"मी विणलं होतं एकदा. माझीच बोटं विणली गेली त्यात."

तिरकुली निघाली. तिरकं तिरकं, खुटुक खुटुक.

पाळीच्या खाली घर. घरापुढे अंगण. अंगणात रूपलालची बायको वनमाला बसली होती. मांडीवर फाटकं जाळं. हातात सुई. चटईवर टिल्लूबाळ. वनमालाचं सगळं लक्ष टिल्लूकडे. टिल्लू कुशीवर वळला, की तिचा जीव वर. टिल्लू शिंकला, की तिचा जीव खाली.

तिरकुली सुपामागे उभी राहिली.

"वनमालाकाकू वनमालाकाकू, जाळं विणा जी."

"कोण? शेजारच्या तारावैनी का?" वनमालाने मान वळवलीच नाही. बाळावरचा डोळा काढायचा कसा?

"रूपलाल गाठ सोडेना,
मच्छरदाणी सुटेना,
बगळा येईना,
म्हैस उठेना,
गवत उगवेना,
चकचकी परतेना,
माझी पाठ कुणी खाजवेना!"

"काय सांगू वैनी," वनमाला म्हणाली. "एक गाठ मारते, हा रडतो. दुसरी मारते, हा रडतो. चार रात्री झोपला नाही. पोट दुखतं का? कान दुखतो का? दात येतो का? मीठमोहऱ्या ओवाळल्या. ओवा चोळला. मांडीवर घेतला, खांद्यावर घेतला, उलटा घेतला. काही केलं तरी गप्प बसत नाही. मी नाही विणत. आधी टिल्लूला गप्प बस म्हणावं. मग मी विणते."

आणि ती चुलीवरचं दूध बघायला उठली. उठली, पण मान मागेच.

तिरकुली निघाली. तिरकं तिरकं, खुटुक खुटुक. थेट चटईपाशी.

"टिल्लूबाळा टिल्लूबाळा, गप्प बस."

"ट्याँऽऽऽ!" टिल्लू म्हणाला.

"वनमाला जाळं विणेना,
रूपलाल गाठ सोडेना,
मच्छरदाणी सुटेना,
बगळा येईना,
म्हैस उठेना,
गवत उगवेना,
चकचकी परतेना,
माझी पाठ कुणी खाजवेना!"

"ट्याँऽऽऽ!"

"म्हणजे काय?"

"ट्याँऽऽऽ!"

आता ट्याँचा अर्थ काय लावायचा? तिरकुलीने नीट पाहिलं. टिल्लूचे पाय. पायावर लाल लाल गांधी. इथे एक, तिथे एक, अंगठ्यावर एक. टिल्लू पायावर पाय घासत होता. हात पुढे करत होता. पण हात काही पायापर्यंत पोचत नव्हता.

"अगं बाई!" तिरकुली म्हणाली. "याला पण खाजतंय! याची पण नांगी पोचत नाही!"

तेवढ्यात कानापाशी आवाज आला. गुंऽऽऽऽ.

डास! गलेलठ्ठ. पोट टम्म.

"डासा डासा, थांब. बाळाला चावू नको.

टिल्लू गप्प बसेना,
वनमाला जाळं विणेना,
रूपलाल गाठ सोडेना,
मच्छरदाणी सुटेना,
बगळा येईना,
म्हैस उठेना,
गवत उगवेना,
चकचकी परतेना,
माझी पाठ कुणी खाजवेना!"

डास हसला. हीहीहीही. "मी नाही थांबत! मच्छरदाणी गेली तलावात, आम्हाला मज्जा! मासे गेले पळून, डबल मज्जा! आमची अंडी पाण्यात, आमची पिल्लं पाण्यात. आधी ती चकचकी रोज मटामटा खायची. आता खायला कुणीच नाही. आधी चकचकीला परत ये म्हणावं. मग आम्ही थांबतो."

"हो, आत्ता जाते," तिरकुली म्हणाली. आणि निघाली.

आणि थांबली.

"चकचकीला? पण चकचकी तर गवतासाठी अडली. गवत म्हशीसाठी. म्हैस बगळ्यासाठी. बगळा मच्छरदाणीसाठी. मच्छरदाणी रूपलालसाठी. रूपलाल वनमालासाठी. वनमाला टिल्लूसाठी. टिल्लू डासासाठी. आणि डास... चकचकीसाठी!"

तिरकुली गोल फिरली. गरागरा गरागरा. एकदा फिरली, दोनदा फिरली. चक्कर आली. धप्पकन बसली.

आता कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नव्हतं.

तिकडे टिल्लू रडत होता. इकडे तिरकुली रडायला लागली. ट्याँऽऽ आणि हूंऽऽ. हूंऽऽ आणि ट्याँऽऽ.

रडता रडता तिने टिल्लूचा पाय पाहिला. गुबगुबीत. लाल लाल. तिच्यासमोरच होता.

"माझी पाठ कुणी खाजवेना," ती म्हणाली. "पण याचा पाय तरी कुणी खाजवला का?"

ती पुढे सरकली. नांगी नको, नांगी चिमटा काढते. तिने सगळ्यांत मागचा पाय काढला. सगळ्यांत बारका. सगळ्यांत मऊ. आणि टिल्लूच्या अंगठ्यावर लावला.

टुचुक टुचुक टुचुक.

टिल्लू थांबला.

टुचुक टुचुक टुचुक.

टिल्लूने डोळे मोठे केले. टिल्लूने तोंड बंद केलं. मग दुसरा पाय पुढे केला.

घरात दुधापाशी वनमाला दचकली. बाळ रडलं तर आईला काळजी. आणि बाळ एकदम गप्प झालं तर? डबल काळजी!

ती धावत आली. पाहते तर काय, बाळाच्या पायाशी खेकडी!

"अगं माय गं! खेकडी! अहो, धावा जी, धावा!"

तिने झाडू उचलला. हा उंच!

तिरकुलीने झाडू पाहिला. पळावं? बीळ लांब होतं. टिल्लूचा पाय जवळ होता. उजव्या पायाची खाज अजून राहिली होती. तिने डोळे गच्च आत ओढले आणि खाजवत राहिली.

टुचुक... टुचुक... टुचुक...

"खिः!" टिल्लू म्हणाला.

झाडू वरच थांबला.

"खिःखिः! खिदी खिदी खिदी!"

चार दिवसांनी टिल्लू हसला होता.

वनमालाने झाडू खाली ठेवला. ती वाकली. तिने पाय पाहिले. गांधी पाहिल्या. इथे एक, तिथे एक, अंगठ्यावर एक.

"डास!" ती म्हणाली. "माझ्या लेकराला डास चावले! आणि मी मेली ओवा चोळत बसले!"

तेवढ्यात रूपलाल आला. हातात घागर, धापा टाकत.

"अहो," वनमाला म्हणाली. "मच्छरदाणी कुठे आहे जी?"

रूपलालने घागरीत पाहिलं.

"घागरीत काय बघता? मच्छरदाणी कुठे आहे? धुवायला नेतो म्हणालात ना?"

"धुतेच आहे ती," रूपलाल म्हणाला. "तलावात."

"चार दिवस?"

"लई मळली होती."

"खिदी खिदी," टिल्लू म्हणाला. घागरीतली सत्रा पोरंही हसली. फिस्स फिस्स.

वनमालाने कपाळाला हात लावला. मग टिल्लूच्या पायाला खोबरेल तेल लावलं. टिल्लूने जांभई दिली. आऽऽऽ. आणि झोपला. तेही हसत.

मग वनमालाने जाळं घेतलं. सुई घेतली. सर्रकन सुई, करकचून गाठ. सर्रकन सुई, करकचून गाठ. भोक केवढं ठेवायचं? तिने झोपलेल्या टिल्लूची मूठ हळूच धरली. जाळ्याला लावली.

"एवढं," ती म्हणाली. "टिल्लूची मूठ ज्यातून जाते, एवढं. मुठीपेक्षा छोटं असेल त्याने खुशाल निघून जावं. मोठं व्हावं. मग यावं."

"मग आपण खायचं काय?" रूपलाल म्हणाला.

"आणि आत्ता काय खाताय? घागर?"

रूपलाल गुपचूप तलावावर गेला. चार खुंट, चार गाठी. एक सोडली. दोन सोडल्या. तीन सोडल्या. चौथी दातांनी सोडली.

मच्छरदाणी सुटली. आक्छी! घरी आली, उन्हात वाळली, टिल्लूच्या अंथरुणावर चढली.

बगळ्याचा पाय सुटला. "माझं ध्यान संपलं हं," तो मोठ्याने म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि फडफड उडाला, म्हशीच्या पाठीवर बसला. टिपटिप किडे वेचायला लागला.

म्हैस उठली. भस्सक्! चिखल उडाला. बाहेर जाऊन बाभळीखाली उभी राहिली.

आणि गवत उगवलं.

लगेच नाही हं. गवत आहे ते. तिरकुली रोज जायची. तिरकं तिरकं, खुटुक खुटुक.

"उगवलास का?"

"अगं, आत्ता तर म्हैस उठली!"

दुसऱ्या दिवशी, "उगवलास का?"

"थांब की गं!"

तिसऱ्या दिवशी, "उगवलास का?"

"तू सारखी मला बघतेस. मला लाजायला होतं. तिकडे तोंड कर."

तिरकुलीने तिकडे तोंड केलं. आता तिला रडू येत नव्हतं. पाठ मात्र खाजत होती. किती खाजत होती!

एक पात वर आली. मग दुसरी. मग तिसरी. मग इतक्या पाती आल्या, की तिरकुलीला मोजताच येईनात. हिरवंगार! पाण्याखाली नुसतं सळसळ सळसळ.

त्या दिवशी रूपलाल घागर घेऊन आला. कडेवर टिल्लू. मागे वनमाला, "घसराल! हळू! बाळाला नीट धरा! घागर नीट धरा! अहो, बाळ आधी!"

रूपलालने घागर पाण्यात तिरकी केली. बुळुक बुळुक बुळुक. मावशीची सत्रा पोरं पाण्यात! सगळी गवतात घुसली. "आता ढकल बघू! आता बस बघू शेपटीवर!"

टिल्लूने टाळ्या वाजवल्या.

नाल्यातल्या दगडामागून चकचकीने पाहिलं. भूत नाही. गवत आहे. मावशी आहे. मावशीची पोरं आहेत. भांडतायत, म्हणजे सगळं ठीक आहे.

रात्र झाली. सकाळ झाली. बरोब्बर सहा वाजून वीस मिनिटं.

टर्रर्रर्र! फटफटी गेली. खडांग खडांग!

तिरकुलीची पाठ खाजली. ती दगडावर बसली. वाट बघत.

पाणी हललं. डुबुक.

सुळ्ळकन!

टिल्लू हसला,
वनमालाने जाळं विणलं,
रूपलालने गाठ सोडली,
मच्छरदाणी सुटली,
बगळा आला,
म्हैस उठली,
गवत उगवलं,
चकचकी परतली,
अन् तिरकुलीची पाठ...

टुचुक टुचुक टुचुक!

"आहाहाहाहा!" तिरकुली म्हणाली. दोन्ही डोळे आत.

आणि डास? चकचकीने नाश्त्यानंतर डासांची पिल्लं खाल्ली. मटामटा. मावशीच्या सत्रा पोरांनीही खाल्ली. डास म्हणाला गुंऽऽ. मग म्हणाला गुं. मग काहीच म्हणाला नाही.

आता तेवढं एक काम करा. तुमच्या तलावावर कुणी बारीक जाळं घेऊन निघालेलं दिसलं, तर त्याला हळूच सांगा, "बाळाच्या मुठीएवढं भोक ठेवा जी. छोट्यांना जाऊ द्या." त्याने पुढच्याला सांगावं. पुढच्याने त्याच्या पुढच्याला.

आणि ज्याला सांगाल, त्याची पाठ थोडी खाजवा. त्याची नांगी तिथवर पोचत नाही.